भरलेला कप

"तो कोट काढ आधी," मी फैसलला म्हणाले. "बँडवाल्यांतला वाटतोयस."

"नाई काढनार. दत्ता बोलला, मागनी घालाया जाताना कोट पायजे."

कोट दत्ताच्या मोठ्या भावाच्या लग्नातला होता. जांभळट रंगाचा, आणि फैसलच्या खांद्यांवरून थेट कोपरापर्यंत ओघळलेला. दत्ता लोमटे मात्र आपल्या कामगिरीवर खूश होता. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्यानं फैसलची कॉलर सारखी केली आणि मला दटावलं, "तू गप बस, वैजे. कामून पोराचं अवसान घालवायलीस?"

फैसलचं मराठी असं होतं, कारण ते त्याला दत्तानं शिकवलं होतं. फैसल यमनमधला, हद्रमौत नावाच्या मुलखातला. औरंगाबादला एम.एस्सी. करायला आला आणि वसतिगृहात त्याची खोली निघाली अंबाजोगाईच्या दत्ताबरोबर. दोन वर्षांत तो 'लई' आणि 'कामून' म्हणायला लागला, ठेचा-भाकरी खायला लागला आणि आमच्याच वर्गातल्या रुकय्या चाऊसच्या प्रेमात पडला. यातली शेवटची गोष्ट त्याला दत्तानं शिकवली नव्हती.

आम्ही उभे होतो ते रुकय्याच्या आजोबांच्या चहाघरासमोर. शहागंजच्या मागच्या गल्लीत ते होतं आणि दारावर पाटी होती, 'चाऊस शाही'. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा भारीच दिसतोय, स्वतःला शाही म्हणवून घेतो. फैसल मात्र ती पाटी वाचून भर रस्त्यात हसत सुटला होता. त्यांच्या यमनी बोलीत शाही म्हणजे चहा. "राजा-बिजा काई नाई. चाऊसचा चहा, बस!" रुकय्याचे आजोबा म्हणजे आमचे चाऊसबाबा; त्यांचे आजोबा निजामाच्या फौजेत शिपाई म्हणून त्याच हद्रमौतमधून आले आणि इथलेच होऊन गेले. मागे उरला तो हा एक शब्द आणि वेलदोडे-लवंगा घालून आटवलेला दाट दुधाचा चहा. बाबा स्वतः जिंतूरकडच्या खेड्यात वाढलेले, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल होतं. अरबी म्हणाल तर सलाम, दुआ आणि चार शिव्या. त्या शिव्यासुद्धा फार जुन्या आहेत, हल्ली तिकडे कुणी अशा देत नाही, असं फैसल लाजत लाजत सांगायचा.

दर शनिवारी आम्ही तिथल्या बाकावर बसून शाही ढोसायचो आणि रुकय्या आतल्या पडद्याआडून आमच्या गप्पांत तोंड घालायची. मी दोन कप घ्यायचे आणि वर साय मागून घ्यायचे. बिनदुधाचा चहा किंवा बिनदुधाची कॉफी म्हणजे माझ्या लेखी काढा, आणि हे मत मी आजवर कुणापासून लपवलेलं नाही.

पण त्या दिवशी आम्ही बाकावर बसायला आलो नव्हतो. परीक्षा संपली होती. फैसलचं परतीचं तिकीट आलं होतं आणि येत्या शुक्रवारी रुकय्याला बघायला हैदराबादचे पाहुणे येणार होते. मुलगा मोटारींचे सुटे भाग विकायचा, घर चांगलं होतं, बाबांच्या मनात भरलं होतं. रुकय्यानं मला विभागाच्या जिन्यात गाठलं. वडील लहानपणीच गेलेली ही मुलगी, आजोबांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. त्यांच्यासमोर उलट बोलणं तिला ठाऊक नव्हतं.

"वैजू, आता नाही तर कधीच नाही," ती म्हणाली. "फैसलचं इथे मोठं कुणी नाही. मागणी घालायला मोठं माणूस लागतं."

"आम्ही आहोत ना."

"तू आलीच पाहिजेस. दत्ता नाही आला तरी चालेल."

मला ते ऐकून बरंच वाटलं. आपल्या जिभेवर मैत्रिणीचा इतका भरवसा असल्यावर कुणाला वाटणार नाही?

फैसलचा बेत साधा होता. आत जायचं, बसायचं, कहवा येईल, मग तो विचारेल.

"कहवा कशाला यायला पाहिजे?" मी म्हणाले. "गेल्या गेल्या विचारून मोकळा हो."

"नाई. कहवा आल्याबिगर मागत नसतेत."

मला वाटलं, झाली याची पळवाट सुरू. फैसल हुशार होता, देखणा होता, पण धीराचं खातं तेवढं कच्चं. त्यात त्याची एक खोड होती. घाबरला की समोर दिसेल ते पिऊन टाकायचा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढचा पाण्याचा पेला त्यानं उचलून घटाघटा रिकामा केला होता. बिचाऱ्यांनी दुसरा मागवला. तोही त्यानंच प्यायला.

बाबांनी आम्हाला आतल्या बैठकीत नेलं. इतक्या दिवसांत आम्ही तिथे पहिल्यांदाच जात होतो. जमिनीवर गाद्या, भिंतीला लोड, कोनाड्यात पितळेची लांब चोचीची सुरई. बाबांनी फैसलच्या कोटाकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. दत्ता आणि फैसल त्यांच्या समोर बसले. मी बसले आतल्या दाराच्या पडद्याला लागून.

"बसा, बसा," बाबा म्हणाले. "आज शाही न्हाई. आज तुमी घरात आलाव, तर कहवा."

हा कहवा ते दुकानात विकत नसत. कॉफीच्या बियांची टरफलं आणि सुंठ उकळून केलेला, उन्हाच्या रंगाचा. सुरईतून तो त्यांनी स्वतः बिनकानाच्या छोट्या कपांत ओतला आणि एकेकापुढे ठेवला. वास नाकात झणझणला. दुधाचा कुठे पत्ता नव्हता. एवढ्यात पडद्याआडून माझ्या कानाशी रुकय्याचा आवाज आला.

"पिऊ नकोस. थांब, तुझ्यासाठी दूध आणते."

गुणाची मैत्रीण, मी मनात म्हटलं आणि कप तसाच पुढ्यात ठेवून थांबले.

थांबले नाहीत ते बाकीचे दोघं. दत्तानं एका घोटात कप संपवला, "झकास आहे, बाबा," म्हणाला आणि दुसऱ्यासाठी पुढे केला. आणि फैसलनं, बाबांनी "घे" म्हणायच्या आत, कप उचलून तोंडाला लावला आणि रिकामा खाली ठेवला. ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. हातून काहीतरी विहिरीत पडावं तसा तो त्या रिकाम्या कपाकडे बघत राहिला.

मला काही उमगेना. जीभ भाजली असेल म्हटलं.

दत्तानं पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. यंदा आंबा कसा आहे, अंबाजोगाईच्या रस्त्याचं काय झालं. बाबा हूं हूं करत होते. मी फैसलला डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, शेवटी खोकले. तो मान वर करेना. असंच चाललं तर आम्ही आंब्यांवरच उठणार होतो, आणि शुक्रवारी मोटारींचे सुटे भाग येऊन बसणार होते.

मग बाबा बोलायचे थांबले. त्यांची नजर माझ्या कपावर होती. हळूहळू त्यांनी दाढीवरचा हात काढून मांडीवर ठेवला, नीट मांडी घालून बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "बोल पोरी. काय पाहिजे?"

कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून मला हायसं वाटलं.

"थोडं दूध मिळालं तर बरं होईल, बाबा."

पडद्यामागे कसलंसं झाकण खणकन पडलं. फैसलनं डोळे मिटून घेतले.

"दूध?" बाबा म्हणाले.

"रुकय्या आणते म्हणाली होती. विसरली वाटतं."

बाबा क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. दत्ताही हसला, का ते माहीत नसताना.

"अगं येडे," बाबा डोळे पुसत म्हणाले, "आमच्यात भरला कप पुढं तसाच ठेवला, की समजायचं पाहुण्याचं काही मागणं हाय. कुणी जमीन मागंल, कुणी खून माफ करा म्हणंल. घरच्यानं विचारायचं, बोल, काय पाहिजे. दिलं म्हणलं, की मगच पाहुणा पिणार. माझ्या आजानं शिकवलेलं हाय ते. बिनघोट कप बघून माझ्या जिवाचं पाणी झालं, म्हणलं ही पोरगी आता काय मागती! अन् मागून मागून मागितलंस तर दूध!" ते पडद्याकडे वळले. "रुकय्या, दे गं तिला दूध. मागणं मान्य!"

आता माझ्या डोक्यात एकेक दिवा लागला. कहवा आल्याबिगर मागत नसतेत. फैसलला कप भरलेला ठेवायचा होता आणि नेहमीप्रमाणे तो पिऊन बसला होता. दत्ताचा तर दुसराही निम्मा झाला होता. खोलीत मागणं शिल्लक होतं ते फक्त माझ्या कपात, आणि तेही मी दुधावर उधळत होते.

पडद्याखालून दुधाची लोटी पुढे सरकली. तिच्यामागून रुकय्याची दोन बोटं आली आणि त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा निळा डाग पुढे कितीतरी दिवस होता. बाबांनी स्वतः लोटी उचलली आणि माझ्या कपात दूध ओतलं.

"घे. दिलं. पी आता."

प्यायले की संपलं. मी आयुष्यात फारशी कुठे अडखळले नाही, आणि अडखळायचं झालं तरी ती वेळ नव्हे, एवढं मला कळत होतं. मी हात मांडीवरच ठेवले.

"दूध झालं, बाबा. आता साखर."

"कहव्यात साखर?" बाबांना गंमत वाटत होती. "बरं. किती चमचे?"

"चमच्यानं नाही भागायचं. पुडा लागेल."

"पुडा?"

"साखरेचा."

दत्ताचा हात कपासकट हवेत थांबला. बाबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं.

"साखर... पुडा," ते म्हणाले, शब्द मधोमध मोडून. जिंतूरकडच्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नव्हती. गावातल्या कितीतरी साखरपुड्यांचा चहा त्यांनीच केला होता. "कुणाचा?"

"तुमच्या रुकय्याचा. या फैसलशी. ह्याचे आईवडील लांब आहेत, म्हणून त्यांच्या वतीनं मी मागते. दूध हवं तर परत घ्या, बाबा. हे द्या."

बाबांनी फैसलकडे पाहिलं. "अन् ह्याला सोताचं तोंड न्हाई का?"

"होतं, बाबा," फैसल म्हणाला. "कहव्यासंगं गिळलं."

बाबा हसले नाहीत. बाहेरच्या बाकावर कुणीतरी चहा मागत होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

"माझी अमिना अशीच दिली मी," बाबा म्हणाले. अमिना म्हणजे रुकय्याची आत्या, मी तिचं फक्त नाव ऐकून होते. "ह्याच बैठकीत, ह्याच गादीवर. तिकडं सौदीत, दम्मामला. म्हणले, दरसाली येईल. तिची माय मेली तवाबी न्हाई आली. आवाज ऐकू येतो कधीमधी फोनवर. आवाजाच्या डोक्यावरून काय हात फिरवायचा?" मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू सांग. तुझ्या बापानं दिली असती तुला इतक्या लांब?"

खोटं बोलून चाललं नसतं. "यमनला? नसती दिली," मी म्हणाले. "अमेरिकेला दिली असती, पेढे वाटून. ते याच्याहून लांब आहे."

दत्ताला हसू आवरेना म्हणून तो खोकला. बाबांची मिशी किंचित हलली.

"पण बाबा, तुम्ही मला विचारताय. जायचं तिला आहे."

बाबा पडद्याकडे वळले. "रुकय्या."

पडदा नुसता हलला.

"रुकय्या, ऐकलंस न्हवं सगळं? तुझं काय म्हणणं?"

आत पावलं वाजली. फळीवरचं काहीतरी सरकल्याचा आवाज आला. फैसलचा हात नकळत दत्ताच्या कपाकडे चालला होता, दत्तानं तो कप उचलून आपल्या पाठीमागे ठेवला.

पडदा बाजूला झाला आणि रुकय्या बाहेर आली. डोक्यावरून ओढणी, नजर खाली. वर्गात प्राध्यापकांना समीकरण चुकलंय म्हणून सांगणारी ती हीच का, असं मला वाटून गेलं. तिच्या हातात दुकानाच्या सामानातला साखरेचा पुडा होता, खाकी कागदाचा, दोऱ्यानं बांधलेला. तो तिनं माझ्या कपाशेजारी ठेवला, आजोबांच्या गुडघ्याला हात लावला आणि तिथेच बसली.

बाबा त्या पुड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोरा सोडला. गाठ लवकर सुटेना, पण कुणाची मदत त्यांनी घेतली नाही. चिमूटभर साखर घेऊन त्यांनी माझ्या कपात टाकली. ती ढवळायला त्यांना चमचासुद्धा सुचला नाही.

"दिलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पी."

मी कप उचलला. सुंठेनं दूध नासलं होतं, वर त्याचे कण तरंगत होते आणि साखर तळाशी बसली होती. इतकं वाईट काहीही मी त्याआधी प्यायले नव्हते आणि त्यानंतरही नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

फैसल बाबांचा हात धरायला पुढे झाला. बाबांनी त्याला थोपवलं. "थांब. बस तिथं."

इतका वेळ त्यांनी स्वतः काही घेतलं नव्हतं. आता त्यांनी सुरईतून एक कप भरला. तो भरलेला कप त्यांनी स्वतःच्याच पुढ्यात ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि फैसलकडे बघत राहिले.

याचा अर्थ आता मलाही कळत होता.

फैसल ताठ बसला. त्या हास्यास्पद कोटातही तो तेव्हा चांगला दिसला. "बोला, बाबा," तो म्हणाला. "काय पायजे?"

"दरसाली. रोजे सुरू व्हायच्या आदी. तिला हितं घेऊन यायचं, माझ्या डोळ्यांम्होरं. मी हाय तवर."

"आनतो."

"काम हाय, सुट्टी न्हाई, असलं काही सांगायचं न्हाई."

"नाई सांगत. आनतो."

"अन् वाटा बंद झाल्या तर?"

"तर चालत आनतो, बाबा."

"मधी समुद्र हाय, बाळा."

"पोहत आनतो."

बाबांनी कप उचलला आणि डोळे मिटून हळूहळू प्यायले. रुकय्या ओढणीत तोंड लपवून रडत होती. दत्ताही रडत होता, आणि त्याच्याकडे ओढणी नसल्यामुळे फैसलच्या कोटाची बाही ओढून त्यानं नाक पुसलं. कोट त्याच्याच घरचा होता म्हणा.

ते लग्न मी जमवलं. पुढे हे मी जिथे तिथे सांगत आले. माझ्या लग्नात नवऱ्याला सांगितलं, मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, कॉलेजात शिकवताना कंटाळलेल्या वर्गांना सांगितलं. फैसल तिकडे हद्रमौतमधल्या मुकल्ला शहरात कॉलेजात लागला, आणि बाबांना दिलेला शब्द त्यानं एकदाही चुकवला नाही. दरवर्षी रमजानच्या आधी दोघं यायची, मग मुलं झाली, मग चौघं यायची. शेवटच्या वर्षी बाबांना कप धरवत नव्हता, तो रुकय्यानं धरला. बाबा गेले, त्यानंतर तिकडे लढाई सुरू झाली आणि वाटा खरोखरच बंद व्हायला आल्या. तेव्हा फैसल बायको-मुलांना घेऊन जो इकडे आला, तो परत गेला नाही.

आता 'चाऊस शाही' रुकय्या चालवते. पाटी तीच आहे. कॉलेजची पोरं-पोरी येऊन कपांचे फोटो काढतात आणि शाही म्हणजे राजेशाही असं एकमेकांना समजावून सांगतात. रुकय्या त्यांना दुरुस्त करत नाही.

गेल्या हिवाळ्यात दत्ता आणि मी तिथे गेलो. दत्ता आता प्राचार्य आहे, पण बाहेरच्या बाकावरच बसतो म्हणाला, आणि गल्ल्यावरच्या फैसलशी आंब्याच्या गप्पा मारायला लागला. मी आत बैठकीत गेले. रुकय्यानं बाबांच्या सुरईतून कहवा ओतला आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"थांब," ती म्हणाली, "तुझ्यासाठी दूध आणते," आणि हसायला लागली.

इतक्या वर्षांत जे मला सुचलं नव्हतं ते तिच्या त्या हसण्यानं सुचलं. "काय गं, त्या दिवशी तू दूध आणायला विसरलीस कशी?"

"कोण विसरलं?"

"म्हणजे?"

"फैसल घाबरला की काय करतो ते मला माहीत नव्हतं? परीक्षकांचं पाणी तो प्यायला तेव्हा मी दारातच उभी होते. आणि दत्तापुढे ठेवलेलं कधी उरलंय?" ती माझ्यासमोर बसली. "भरलेला राहील असा एकच कप होता त्या खोलीत. दूध येतंय म्हटल्यावर तू उद्यापर्यंत थांबली असतीस."

"मग मला आधी सांगायचंस ना, असं असं असतं म्हणून!"

"सांगितलं असतं तर तू भाषण पाठ करून आली असतीस. पाठ केलेलं बाबांना लगेच कळायचं." मग ती म्हणाली, "पण तू दूध मागशील असं वाटलं नव्हतं गं. हातातलं झाकण पडलं माझ्या."

मी कप हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

"म्हणजे ते लग्न मी जमवलं नाही?" शेवटी मी विचारलं.

"जमवलंस की. साखर तुझीच होती." रुकय्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "पण मागणं माझं होतं, वैजू. बाबांपुढे माझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून तुझा कप भरलेला राहू दिला."

बाहेर दत्ता मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि फैसल "लई भारी, लई भारी" म्हणत होता. मी कप उचलला आणि प्यायला लागले. दूध मागितलं नाही.